पिकांची कीड-प्रतिकारक्षमता आणि जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाण, बियाणं आणि किडी यांबद्दल जे प्रश्न सतत येत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे, पुढे गुंता वाढत जातो. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एकाच गोष्टीचा धागा दोन ठिकाणी येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रतिकारक वाण म्हणजे त्यावर कीड येतच नाही का?

येते. ‘प्रतिकारक’ हा तुलनेचा शब्द आहे. सारख्याच परिस्थितीत, तितकीच कीड असताना, या वाणाचं नुकसान दुसऱ्यापेक्षा कमी होतं आणि हा फरक पुढच्या पिढीत उतरतो, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या पिढीत उतरण्याची अट विसरू नका. लवकर पेरल्यामुळे पीक किडीच्या तडाख्यातून निसटलं, तर ते श्रेय पेरणीच्या तारखेचं, वाणाचं नाही.

शिवाय ‘कोणत्या किडीला?’ हे विचारल्याशिवाय या शब्दाला काही अर्थ राहत नाही. तसं पाहिलं तर प्रत्येक पीक जगातल्या बहुतेक किड्यांना पूर्ण प्रतिकारक असतं. भातावर पोसणारा तपकिरी तुडतुडा कपाशीवर सोडला तर उपाशी मरेल. आपली सगळी चर्चा उरलेल्या मूठभर किडींबद्दल चालते.

२. ‘प्रतिकारक’ आणि ‘सहनशील’ यांत फरक काय?

रेजिनाल्ड पेंटर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९५१ साली केलेली तीन भागांची विभागणी आजही वापरात आहे. पहिल्या प्रकारात किडीला झाड आवडतच नाही: ती बसत नाही, अंडी घालत नाही. दुसऱ्यात ती बसते, खाते, पण तिची वाढ खुंटते, पिल्लं मरतात किंवा अंडी कमी पडतात. तिसरा प्रकार सहनशीलतेचा. कीड पोटभर खाते, वाढते, तरी झाड नवी पानं, नवे फुटवे काढून नुकसान भरून काढतं.

सहनशीलतेत किडीवर कसलाही दबाव येत नाही, त्यामुळे या गुणावर मात करणारी कीड निवडली जात नाही. हा मोठा फायदा, आणि संशोधनात त्याकडे व्हायला हवं तितकं लक्ष गेलेलं नाही असं माझं मत आहे. तोटा शेजाऱ्याचा: सहनशील पिकाच्या रानात वाढलेली कीड उडून त्याच्याकडे जाते.

३. हा गुण एका जनुकाचा असतो की अनेकांचा? ओळखायचं कसं?

दोन्ही प्रकार आढळतात. प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या वाणाचा संकर करायचा, त्याची दुसरी पिढी वाढवायची आणि त्या झाडांवर मोजून कीड सोडायची. चारांतली तीन झाडं तगली आणि एक बळी पडलं, तर एक प्रभावी जनुक (आई-वडिलांकडून येणाऱ्या दोन प्रतींपैकी एक असली तरी पुरते). एकच तगलं आणि तीन गेली, तर एक अप्रभावी जनुक (दोन्ही प्रती लागतात). झाडं अशी दोन गटांत न पडता ‘जरा बरं’ ते ‘जरा वाईट’ अशी सलग पसरली, तर छोट्या-छोट्या वाट्याची अनेक जनुकं आहेत असं समजायचं. गुणसूत्रांवरच्या अशा जागांना क्यूटीएल म्हणतात.

कागदावर हे सोपं दिसतं, पण ‘प्रभावी’ की ‘अप्रभावी’ हा निकाल चाचणीवरही ठरतो. भाताच्या तपकिरी तुडतुड्याविरुद्धच्या जनुकांना बीपीएच आणि क्रमांक अशी नावं देतात. त्यांतलं बीपीएच२ हे जनुक अनेक वर्षं अप्रभावी म्हणून नोंदलेलं होतं. २०१४ साली बीपीएच२६ या प्रभावी जनुकाचा क्रम वाचला गेला, तेव्हा दोन्हींचं प्रथिन एकच निघालं. म्हणजे एकाच जनुकाला दोन नावं आणि दोन परस्परविरोधी शेरे मिळाले होते. किडीची संख्या, रोपाचं वय आणि ‘तगलं’ची रेघ कुठे ओढली, यांवर बरंच अवलंबून असतं.

४. ही जनुकं झाडात नेमकं करतात काय?

ढोबळमानाने दोन कुळं आहेत. एक कुळ कीड ओळखतं, दुसरं शरीर आणि रसायन घडवतं.

ओळखणाऱ्या जनुकांपासून सुरुवात करू. तुडतुडा किंवा मावा सोंड खुपसतो तेव्हा लाळ सोडतो आणि त्या लाळेतली प्रथिनं झाडाची यंत्रणा ढिली पाडतात. काही झाडांच्या पेशींत ही प्रथिनं हेरणारी प्रथिनं असतात. त्यांतल्या मोठ्या गटाला एनएलआर म्हणतात, आणि रोगप्रतिकाराच्या जनुकांतही हाच गट पुढे असतो. तपकिरी तुडतुड्याविरुद्धचं पहिलं जनुक, बीपीएच१४, २००९ साली वेगळं केलं गेलं. ते याच गटातलं निघालं. ते जागं झालं की रसवाहिन्यांत कॅलोज हा वाट बुजवणारा पदार्थ साचतो आणि तुडतुड्याला रस ओढता येत नाही. त्याने हेरलेलं लाळेतलं प्रथिन हाती यायला मात्र २०२३ साल उजाडलं. बीपीएच३ची तऱ्हा वेगळी. तिथे पेशीच्या बाहेरच्या पडद्यात बसलेल्या ग्राहक प्रथिनांचा एक जनुकसमूहच आहे.

दुसऱ्या कुळातली जनुकं कीड येण्याआधीच काम करून बसलेली असतात. पानावरची लव, खोडाचा टणकपणा, पेशीभित्तीतली सिलिका, कपाशीच्या काळ्या ठिपक्यांतलं गॉसिपॉल, मक्याच्या कोवळ्या रोपातलं डिम्बोआ ही किडीला बाधणारी रसायनं. हरभऱ्याची आंब यातलीच. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं, आणि ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ मंदावते.

दोन्हींच्या मधलाही प्रकार आहे. पान कुरतडलं गेलं की जास्मोनिक आम्ल हा संदेश झाडभर फिरतो आणि अळीच्या पोटातलं पचन अडवणारी प्रथिनं तयार होतात. टोमॅटो आणि बटाट्याच्या बाबतीत, एका पानाला जखम केली तर दूरच्या पानातही ही प्रथिनं वाढतात हे १९७२ सालीच दिसलं होतं.

५. पिकाच्या कोणत्याच वाणात प्रतिकार नसेल तर जनुक आणतात कुठून?

पिकाच्या जंगली भाऊबंदांकडून. बीपीएच१४ रानटी भातातून आलं. टोमॅटोच्या मुळांतले सूत्रकृमी रोखणारं एमआय हे जनुक सोलॅनम पेरुव्हियानम या दक्षिण अमेरिकी नातलगाचं. लेट्यूसवरचा मावा रोखणारं एनआर जनुक रानटी लेट्यूसचं.

आणायला मात्र वेळ लागतो. हवं ते जनुक एकटं येत नाही, शेजारचा गुणसूत्राचा तुकडाही सोबत घेऊन येतं. बारीक फळ, कडवट चव, उशिरा फुलोरा असं नको ते सगळं त्या तुकड्यात असू शकतं. मग चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करायचा आणि दर पिढीत मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) पाहून नको असलेला भाग छाटत जायचं. मार्करची सोय नव्हती तेव्हा दर पिढीत किडी पाळून प्रत्येक रोप तपासावं लागे.

६. चांगला प्रतिकारक वाण काही वर्षांत ढासळतो. बियाणं बिघडतं का?

सहसा नाही. बियाणं तेच राहतं, कीड बदलते.

भाताचं उदाहरण पाहा. मुडगो या भारतीय वाणातलं बीपीएच१ घेऊन फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ साली आयआर २६ हा वाण दिला. मोठ्या क्षेत्रावर तो एकटाच पसरला आणि दोन-तीन वर्षांत त्याच्यावर जगणारे तुडतुडे दिसू लागले. १९७६ साली बीपीएच२ असलेला आयआर ३६ आला, पुढे बीपीएच३ असलेला आयआर ५६. गंमत म्हणजे दक्षिण आशियातल्या तुडतुड्यांपुढे आयआर २६चा प्रतिकार आधीपासूनच चालत नव्हता, जनुक भारतीय वाणाचं असूनही! किडीच्या अशा गटांना बायोटाइप म्हणतात. दिसायला सगळे सारखेच, ओळख पटते ती कोणता वाण पचवतात यावरून.

यामागचं गणित गव्हाच्या हेसियन माशीत सर्वांत स्वच्छ दिसतं. गव्हात तिच्याविरुद्ध तीसहून अधिक जनुकं नोंदली आहेत. गव्हाच्या एकेका जनुकाला माशीचं एकेक जनुक उत्तर देतं, हे १९७० साली दाखवलं गेलं. माशीच्या लाळेतलं प्रथिन गव्हाने हेरलं की अळी उपाशी मरते. ते प्रथिन बनवणारं माशीचं जनुक मोडलं की हेरायला काही उरतच नाही. मोडलेलं जनुक बहुधा अप्रभावी असतं, म्हणजे मादीत दोन्ही प्रती मोडाव्या लागतात. पण यांतली काही जनुकं एक्स गुणसूत्रावर आहेत आणि नराच्या शरीरपेशींत त्यांची एकच प्रत असते. तिथे एकाच मोडीत काम होतं.

याच चालीने एनआर जनुक पचवणारा लेट्यूसचा मावा युरोपात २००७ साली आढळला. सोयाबीनमधल्या मावा रोखणाऱ्या रॅग१ जनुकाची गोष्ट अधिक बोलकी आहे: ते असलेले वाण बाजारात पोचण्याआधीच त्याला न जुमानणारा मावा शेतात सापडला होता.

बियाण्यात खरंच भेसळ असू शकते, ती शक्यता आधी तपासावी. ढासळण्याचं दुसरं एक कारण हवामानाचं असतं, ते प्रश्न १३मध्ये आहे.

७. मग एकाच वाणात चार-पाच जनुकं भरली की प्रश्न मिटला?

दोन-तीन जनुकं एकत्र आणल्याने फायदा होतो. दोन्हींवर एकदम मात करणारी कीड सापडण्याची शक्यता एकेका जनुकापेक्षा कितीतरी कमी असते. पण त्याला दोन अटी आहेत. जनुकं वेगवेगळ्या वाटेने काम करणारी हवीत, आणि त्यांतलं कोणतंही आधीच एकट्याने शेतात फिरून निष्प्रभ झालेलं नसावं. बुरूज ढासळलेला असेल तर त्यावर दुसरा मजला चढवून उपयोग नाही.

मोठ्या जनुकासोबत छोट्यांची साथ मिळाली तरी बराच फरक पडतो. आयआर ६४मध्येही बीपीएच१च आहे, आयआर २६सारखंच. तरीही आयआर ६४ तुडतुड्यांपुढे जास्त टिकला, कारण त्याच्यात लहान परिणामाची इतर जनुकं आहेत. दीर्घ टिकाऊपणाचं एक जुनं उदाहरण द्राक्षाचं. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकी जातींच्या खुंटांवर कलमं बांधून त्या सावरल्या. ते खुंट आजही चालतात. पण ज्याचा एक पालक युरोपी द्राक्ष होता तो एएक्सआर१ खुंट कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकात कोसळला.

८. तुडतुडे, मावा, गादमाशी यांच्यासाठी जनुकं सापडतात. खोडकिडा आणि घाटेअळीसाठी का नाही?

रस शोषणारी किंवा गाठ करणारी कीड झाडाच्या जिवंत पेशींशी दीर्घकाळ जवळीक साधते. तिला लाळेने झाडाला ‘पटवावं’ लागतं, आणि त्यामुळे तिला हेरण्याची संधी झाडाला मिळते (प्रश्न ४). कुरतडणाऱ्या अळीला पटवापटवीची गरज नसते, ती लचका तोडते. त्यातून घाटेअळी शेकडो वनस्पतींवर जगणारी. नाना तऱ्हेची विषं पचवायची सवय तिला आधीच असते. भाताच्या हजारो वाणांतून खोडकिड्याला भक्कम प्रतिकार देणारं एकही मोठं जनुक हाती लागलेलं नाही. जे मिळतं ते मध्यम आणि अनेक जनुकांत वाटलेलं. बाहेरून जनुक आणण्याची कल्पना अळ्यांच्या बाबतीत आधी रुजली ती यामुळेच.

९. बीटी म्हणजे हाच प्रतिकार का?

परिणाम तोच, मूळ वेगळं. बीटी पिकात बाहेरून घातलेलं, क्राय या अळीला विषारी प्रथिनाचं जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं आहे, वनस्पतीचं नाही. अळीच्या पोटातल्या अल्कधर्मी रसात हे प्रथिन कार्यक्षम होतं, आतड्याच्या अस्तरावरच्या कॅडहेरिनसारख्या प्रथिनांना चिकटतं आणि अस्तराला छिद्रं पाडतं. चिकटण्याची जागा बदलली की अळी वाचते.

जनुक झाडात बसल्यावर मात्र मेंडेलचेच नियम लागू होतात, आणि किडीच्या बदलाचेही. भारतात गुलाबी बोंडअळी आधी क्राय१एसी या प्रथिनाला आणि मग क्राय२एबी या दुसऱ्यालाही दाद देईनाशी झाली. अमेरिकेत त्याच अळीचं उच्चाटन झाल्याची घोषणा २०१८ साली झाली, पण तिथे बीटीसोबत नपुंसक केलेले पतंग सोडणं आणि इतर उपायही होते.

१०. बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायला का सांगतात? कीड पोसण्यासाठी?

हो, अगदी त्यासाठीच. समजा, अळ्यांत प्रतिकाराच्या जनुकप्रतीचं प्रमाण हजारात एक आहे. मग दोन्ही प्रती तशा असलेली अळी दहा लाखांत एक. एक प्रत असलेल्या मात्र हजारात सुमारे दोन. प्रतिकार अप्रभावी असेल आणि झाडात विष पुरेसं असेल, तर एक प्रतवाल्या अळ्या मरतात. वाचलेल्या त्या एका पतंगाला साध्या कपाशीच्या ओळींतून (यांना आश्रय ओळी म्हणतात) निघालेले असंख्य साधे पतंग जोडीदार म्हणून मिळाले, तर पिल्लं पुन्हा एक प्रतवाली, म्हणजे मरणारी. आश्रय ओळी नसतील तर वाचलेल्यांची जोडी वाचलेल्यांशीच जमते.

विषाची मात्रा कमी पडली तर हे गणित कोलमडतं, कारण मग एक प्रतवाल्याही तगतात.

११. बीटी संकराचं बी राखून पेरलं तर प्रतिकार राहतो का?

अर्धवट. संकराच्या झाडात जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे पुढच्या पिढीत चारांतलं एक झाड बिनबीटी निघतं. वेगवेगळ्या जागी बसलेली दोन जनुकं असतील तर दोन्ही नसलेलं झाड सोळांत एक आणि दोन्ही असलेली नऊ.

यातली खोच अशी की ही वाटणी पेरणीची वाट पाहत नाही. संकराच्या बोंडातली सरकी हीच पुढची पिढी. म्हणजे एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी-शेजारी असते. सरकी खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीला त्यातून अपुरा डोस मिळतो, आणि मागच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे अपुरा डोस घातक. उलट चीनमध्ये यांगत्झीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरलं, तेव्हा शेतातली एक चतुर्थांश बिनबीटी झाडंच आश्रयासारखी उपयोगी पडली आणि बोंडअळीतला प्रतिकार मागे हटला. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंडेलची वाटणी तीच, पण सरकीच्या पातळीवर तिची भीती आणि झाडाच्या पातळीवर तिची मदत.

१२. एका किडीला प्रतिकारक वाण घेतला, तर दुसरीच वाढली. असं का होतं?

कारण गुण एक आणि त्याला पाहणारे अनेक. कपाशीच्या पानावर लव असली तर तुडतुडे बसत नाहीत, पण पांढऱ्या माशीला तीच लव सोयीची आणि बोंडअळीच्या मादीलाही तिथे अंडी चिकटवणं सोपं. बोंडाभोवतीची छदं (पानासारखी आवरणं) अरुंद, पिळलेली असली तर सोंड्या भुंगा कमी होतो, ढेकणांचा उपद्रव मात्र वाढतो. गॉसिपॉलच्या ग्रंथी काढून टाकलेल्या कपाशीची सरकी खायला बरी, पण एरवी तिकडे न फिरकणारे किडेही तिच्यावर ताव मारतात.

माझं आवडतं उदाहरण काकडीचं. कडूपणाचं एकच जनुक बदललं की कडू रोपावर लाल कोळी कमी आणि काकडीचे भुंगेरे जास्त, गोड रोपावर नेमकं उलट. हे १९७१ साली दाखवलं गेलं. कोळी हा कीटक नाही हे मान्य, पण पान तोही सोडत नाही.

१३. तोच वाण एका हंगामात टिकला, दुसऱ्यात गेला. बायोटाइप न बदलताही असं होतं का?

होतं. जनुक असणं आणि गुण दिसणं यात हवामान उभं असतं. करवतमाशीला रोखण्यासाठी भरीव खोडाचा गहू वापरतात. पण खोड वाढताना आभाळ सतत भरलेलं राहिलं तर ते पुरेसं भरीव होत नाही आणि माशीला वाट मिळते. टोमॅटोतलं एमआय जनुक जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की सूत्रकृमींपुढे ढिलं पडतं.

१४. एकच जनुक अनेक शत्रूंवर चालतं का? विषाणूंवरही?

क्वचित. टोमॅटोतलं एमआय (नेमकं नाव एमआय-१.२) सूत्रकृमी, बटाट्यावरचा मावा आणि पांढरी माशी या सर्वांवर चालतं, आणि ते एनएलआर गटातलंच आहे. खरबुजातलं व्हॅट जनुक मावा रोखतं आणि त्या माव्याने सोंडेतून आणलेला विषाणूही. तोच विषाणू हाताने चोळून टोचला तर झाड आजारी पडतं. म्हणजे झाड विषाणूला ओळखत नाही, तो कोणासोबत आला ते ओळखतं.

१५. पीक किडीच्या शत्रूंना हाक मारतं हे खरं का?

खरं. मक्याच्या मुळाला रूटवर्मची अळी लागली की मूळ बीटा-कॅरियोफायलीन हा वास सोडतं आणि अळीत शिरून तिला मारणारे सूत्रकृमी त्याकडे येतात. हे २००५ साली उलगडलं. युरोपी मक्यात आणि मक्याच्या रानटी पूर्वजात हा गुण आहे. उत्तर अमेरिकेच्या बहुतेक वाणांतून निवडीच्या ओघात तो हरवला, कारण कोणी त्याकडे पाहतच नव्हतं. पुढे ओरेगॅनोचं जनुक घालून तो परत आणूनही दाखवला गेला.

१६. प्रतिकारक वाणाचं उत्पादन कमी येतं का?

काही वेळा. सतत रसायन बनवत राहणं झाडाला महाग पडतं, आणि जनुकासोबत आलेला तुकडाही उत्पादन खातो (प्रश्न ५). हेरणारी जनुकं त्या मानाने स्वस्त, कारण ती कीड आल्यावरच जागी होतात. बीपीएच१४ तर तुडतुड्याचं प्रथिन साफ झालं की स्वतःच शांत होतं.

१७. कीड ज्याला तोंड लावत नाही ते माणसाने खावं का?

बहुतेक वेळा बिनधास्त. लाळ हेरणाऱ्या जनुकाचा तुमच्या पोटाशी संबंध नाही. झाडातलं विषारी रसायन वाढवून प्रतिकार मिळवला असेल तर मात्र तपासणी हवीच. सेलरीच्या कीड-प्रतिकारक वाणात सोरालेन हे रसायन इतकं वाढलं, की ती हाताळणाऱ्या कामगारांच्या त्वचेवर पुरळ उठलं. रानटी पालकापासून आलेला लेनापे हा बटाटा १९६७ साली आला आणि ग्लायकोअल्कलॉइड ही विषारी रसायनं जास्त असल्याने १९७० साली मागे घेतला गेला.

१८. साठवणीतल्या कडधान्याला भुंगा न लागणारा वाण असतो का?

असतो. रानटी मुगाच्या टीसी १९६६ या नमुन्यात एक प्रभावी जनुक सापडलं. मेक्सिकोतल्या रानटी घेवड्यात भुंग्याला रोखणारं आर्सेलिन हे प्रथिन मिळालं. चाचणी करताना एक चूक वारंवार होते. दाण्याची साल आणि शेंग ही आईची असतात, आतली डाळ पुढच्या पिढीची. प्रतिकार डाळीत असेल तर एकाच झाडाच्या दाण्यांत काही किडतात, काही नाही. सालीत असेल तर त्या झाडाचे सगळे दाणे सारखे वागतात. हे न पाहता झाडाच्या सगळ्या दाण्यांची सरासरी काढली की प्रश्न ३मधलं तीनास एक गुणोत्तर कधीच सापडत नाही.

१९. जीन एडिटिंगने नवं काय होईल?

जनुकात नेमक्या जागी बदल करून, बाहेरून काही न घालता, किडीला उपयोगी पडणारं झाडाचं स्वतःचं जनुक बंद करता येतं. भातात सेरोटोनिन हे रसायन बनवणारं सीवायपी७१ए१ हे जनुक बंद केल्यावर तपकिरी तुडतुडा आणि खोडकिडा दोघांनाही प्रतिकार वाढला, असं २०१८ साली दिसलं. खोडकिड्याचं नाव यात आहे म्हणून ते लक्षात राहतं (प्रश्न ८).

२०. वाणाच्या माहितीत ‘मध्यम प्रतिकारक’ लिहिलेलं असतं. त्यावर किती विसंबायचं?

कोणत्या चाचणीत, ते आधी पाहा. तपकिरी तुडतुड्यासाठी ट्रेमध्ये कोवळी रोपं वाढवतात, त्यांवर पिल्लं सोडतात आणि टीएन१ हा बळी पडणारा वाण मेला की बाकीच्यांना ० ते ९ गुण देतात. इथे ० म्हणजे निरोगी आणि ९ म्हणजे मेलेलं, त्यामुळे ‘जास्त गुण म्हणजे चांगलं’ असं वाचू नका. ही चाचणी झटपट होते, पण ती रोपांची असते. मोठ्या झाडात दिसणारी सहनशीलता तिच्यातून निसटते. आणि सोडलेले तुडतुडे जिथले, तिथल्यापुरताच तो निकाल खरा.